उन्हातल्या बागेत सदाफुली: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

भर उन्हात तापणाऱ्या, रोज पाणी घालणे जमणार नाही अशा जागेत वर्षातले बरेच महिने फुले हवी असतील, तर नवख्या माणसाने सदाफुलीपासून सुरुवात करावी. मूळची मादागास्कर बेटावरची ही बहुवर्षायू वनस्पती आज जगातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत रुळलेली आहे. कण्हेर, चाफा आणि तगर ज्या कुळात येतात त्याच कुळातली ही असून कोवळी फांदी मोडली की पाझरणारा पांढरट चीक ते नाते दाखवून देतो. हिचे आजचे शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस असे आहे. मात्र १७५९ साली लिनियसने दिलेले व्हिन्का रोझिया हे नाव इतके पक्के बसले की बियांच्या पाकिटांवर आजही ‘व्हिन्का’ असेच छापलेले आढळते. बी घेताना एवढे लक्षात ठेवावे, कारण खरी व्हिन्का ही थंड हवेची, सावलीत पसरणारी, निळसर फुलांची निराळीच वनस्पती आहे आणि कडक उन्हात तिचा निभाव लागत नाही.

सदाफुली चिवट आहे, ऊन सोसते, वाळूत वाढते, समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यातही तग धरते. तरीसुद्धा नव्याने बाग करणाऱ्यांच्या हातून ती वरचेवर दगावते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा जास्तीचे पाणी हेच असते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळांना श्वसनासाठी ती लागते. पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, मऊ पडतात आणि ओलीत वाढणाऱ्या बुरशींना आयती सापडतात. पुढे जागा, माती, पाणी, खत, छाटणी यांविषयी जे काही सांगितले आहे, ते सगळे मुळांना हवा मिळत राहावी या एकाच गोष्टीसाठी आहे.

जागेची निवड

दिवसातून निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. त्याहून कमी उन्हात रोप मरत नाही, पण ते उंच आणि किडकिडीत होते, दोन पेरांमधले अंतर वाढते, फुले विरळ होतात आणि पाने ओली झाली की लवकर सुकत नाहीत. सकाळचे ऊन आणि दुपारचे ऊन यांतून एकाचीच निवड करायची असेल, तर पाऊस किंवा दव भरपूर असलेल्या ठिकाणी सकाळचे ऊन पत्करावे, कारण रात्रभर ओली राहिलेली पाने त्यामुळे दिवस चढण्याआधीच कोरडी होतात. तापलेली भिंत, फरसबंदीची कड, दगडी पायवाटेच्या दोन्ही बाजू या इतर झाडांना जाचक वाटणाऱ्या जागा सदाफुलीला मानवतात.

छपराचे पाणी जिथे धारेने पडते ती जागा टाळावी. रोज पाणी लागणाऱ्या हिरवळीच्या किंवा केळी-कर्दळीच्या शेजारीही ही लावू नये. तिथे कितीही काळजी घेतली तरी शेजारच्या झाडांसाठी सोडलेले पाणी हिच्या मुळांपर्यंत पोचतेच. एका वाफ्यात सारख्या तहानेची झाडे असावीत. गाझानिया, लँटाना आणि चिनी गुलाब यांच्यासोबत सदाफुलीचे चांगले जमते.

माती आणि निचरा

या टप्प्यावर घाई करू नये. रोप लावून झाल्यावर माती सुधारणे जवळजवळ अशक्य असते, आणि सदाफुलीच्या बाबतीत पुढचे यश-अपयश इथेच ठरते.

पहिल्यांदा निचऱ्याची परीक्षा करावी. लागवडीच्या जागी सुमारे ३० सेंटीमीटर खोल व तितकाच रुंद खड्डा खणून तो पाण्याने काठोकाठ भरावा आणि सगळे पाणी मुरू द्यावे. मग पुन्हा भरून पाण्याची पातळी तासाभरात किती खाली जाते ते काठी लावून मोजावे. तासाला अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त पाणी मुरत असेल तर जमीन योग्य आहे. पातळी जेमतेम हलत असेल आणि चार-पाच तासांनंतरही खड्ड्यात डबके दिसत असेल, तर त्या जमिनीत थेट लागवड करण्याचा विचार सोडून द्यावा आणि १५ ते २० सेंटीमीटर उंचीचा गादीवाफा तयार करावा.

चिकणमातीत नवखे लोक हमखास एक उपाय करतात: खड्डा खणायचा, त्यात छान भुसभुशीत माती आणि खत भरायचे आणि रोप लावायचे. हा उपाय उलटा पडतो. भोवतालच्या घट्ट मातीतून पाणी बाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे तो खड्डा हौदासारखा भरतो आणि रोपाची मुळे नेमकी त्या हौदाच्या तळाशी असतात. मूठभर वाळू मिसळूनही काम होत नाही, कारण थोडी वाळू चिकणमातीच्या कणांत रुतून बसते आणि माती आणखी कठीण होते. अशा जमिनीत वाफा वर उचलणे आणि संपूर्ण वाफ्याच्या मातीत चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळणे हाच भरवशाचा मार्ग आहे. सेंद्रिय खतामुळे मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात आणि त्या रव्यांच्या मधून पाणीही वाहते, हवाही खेळते.

वाफ्यासाठी दोन भाग बागेतली माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग कुजलेले खत हे मिश्रण बहुतेक ठिकाणी पुरेसे ठरते. वाळू जाडीच हवी. गिलाव्याची बारीक वाळू पोकळ्या बुजवते. जमीन मुळातच रेताड किंवा मुरमाड असेल तर वाळू घालण्याची गरज नाही, थोडे खत मिसळले की झाले.

मातीच्या सामूकडेही (पीएच) एकदा पाहून घ्यावे. सदाफुलीला किंचित आम्लधर्मी माती, म्हणजे साधारण ५.५ ते ६.५ सामू मानवतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना शोषता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे चिन्ह शेंड्याकडच्या नव्या पानांवर प्रथम दिसते, म्हणून ओळखायला सोपे आहे. त्यावर चिलेटेड, म्हणजे झाडाला शोषता येईल अशा रूपातल्या, लोहाची फवारणी तात्पुरता दिलासा देते, तर जमिनीतले सेंद्रिय खत वाढवत नेल्याने हळूहळू कायमची सुधारणा होते. अशा वाफ्यात लाकडाची राख किंवा चुना कधीही टाकू नये.

कोणता प्रकार घ्यावा

जुनी, घरोघरी दिसणारी सदाफुली ३० ते ६० सेंटीमीटर वाढते आणि छाटली नाही तर त्याहूनही उंच जाते. वाफ्याच्या कडेला किंवा जमीन झाकण्यासाठी ठेंगणी हवी असेल, तर २५ ते ३५ सेंटीमीटर उंचीत थांबणाऱ्या बुटक्या संकरित जाती घ्याव्यात. पसरट जाती त्याहूनही ठेंगण्या असतात. त्यांची उंची १५ सेंटीमीटरच्या आसपास राहते आणि एकेक रोप अर्ध्या मीटरपर्यंत जागा व्यापते. उतारावर, टांगत्या कुंडीत किंवा दगडांच्या फटींतून खाली सोडायला त्या फार शोभतात.

जुन्या जातीविषयी मात्र आदर राखावा. तिची फुले संकरित जातींपेक्षा लहान आणि पाकळ्या विरळ असल्या तरी दुर्लक्ष सोसण्यात ती बहुतेक संकरित जातींना मागे टाकते, आणि बी धरून तिची रोपे करत राहणे सोपे असते. पाऊस जास्त आणि दमट हवा असलेल्या प्रदेशात संकरित जाती घेताना रोगप्रतिकारक मालिका विचारून घ्याव्यात. ‘कोरा’ ही मालिका याच लेखात पुढे येणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसदृश रोगजंतूला तोंड देण्यासाठी विकसित केलेली आहे.

रोपे मिळवण्याचे तीन मार्ग

रोपवाटिकेतून रोप आणणे सर्वांत सोपे. फुलांनी लगडलेल्या रोपाकडे हात आधी जातो, पण आखूड, दाट फांद्यांचे, कळ्या नुकत्याच धरलेले रोप जास्त चांगले रुजते. शक्य असेल तर रोप पिशवीतून अलगद सरकवून मुळे पाहावीत. पांढरी, ताठ मुळे निरोगी असतात. तपकिरी झालेले, बोटांत धरून ओढताच वरची साल निघून आत दोऱ्यासारखा भाग उरणारे मूळ कुजलेले असते, आणि असे रोप कितीही हिरवेगार दिसले तरी घेऊ नये.

बियांपासून रोपे करायची असतील तर दोन अटी पाळाव्या लागतात: ऊब आणि अंधार. माती २४ ते २७ अंश सेल्सियस उबदार असताना बी चांगले रुजते. गार मातीत ते कुजते. सदाफुलीचे बी उजेडात नीट रुजत नाही, म्हणून ते मातीवर भुरभुरून मोकळे सोडू नये. छिद्रे असलेल्या ट्रेमध्ये कोकोपीट आणि बारीक खताचे ओलसर मिश्रण भरून बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरावे, वरून मिश्रणाने झाकावे आणि ट्रेवर जाड कागद किंवा पुठ्ठा ठेवावा. साधारण आठवडा ते पंधरवड्यात कोंब दिसू लागतात. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी पुठ्ठा काढून ट्रे भरपूर उजेडात आणावा, कारण एकदोन दिवसांचा उशीरही कोंब लांब आणि लुळे करून टाकतो. इथून पुढे पाणी वरून न शिंपडता ट्रे थोडा वेळ उथळ पाण्यात ठेवून खालून द्यावे. दाट, ओलसर ट्रेमध्ये रोपांचे देठ मातीलगत काळे पडून ती आडवी होतात. विरळ पेरणी, वारा आणि खालून पाणी एवढ्याने ही मर बरीच टळते. पेरणीपासून पहिले फूल येईपर्यंत सुमारे तीन महिने लागतात, म्हणून उबदार हंगाम सुरू होण्याच्या बऱ्याच आधी उबेच्या जागी पेरणी केलेली बरी.

आवडत्या रंगाचे हुबेहूब तसेच रोप हवे असेल, तर कलम करावे. निरोगी झाडाचा फूल नसलेला, कोवळाही नाही आणि जूनही नाही असा ८ ते १० सेंटीमीटरचा शेंडा पेराच्या थोडा खाली धारदार कात्रीने कापावा. खालची पाने काढावीत, कापलेल्या टोकाचा चीक पाण्याने धुवावा आणि ते टोक ओलसर जाड वाळूत किंवा वाळू-कोकोपीटच्या मिश्रणात एक पेर बुडेल इतके खोचावे. कुंडी उजेड असलेल्या पण थेट ऊन न पडणाऱ्या जागी ठेवावी. उबदार हवेत तीन ते चार आठवड्यांत मुळे धरतात. कलम ओढून पाहण्याचा मोह आवरावा. शेंड्याला नवी पाने फुटू लागली हीच मुळे धरल्याची खूण समजावी.

लागवड

रात्रीही हवा उबदार राहू लागली की लागवड करावी. गार मातीत लावलेली सदाफुली वाढत नाही, पिवळी पडते आणि नंतर ऊब आली तरी बराच काळ मागे राहते. ट्रेमधली रोपे दोन-तीन जोड पाने फुटल्यावर लहान कुंड्यांत हलवावीत आणि त्यांनी मातीचा गोळा नीट धरल्यावरच वाफ्यात न्यावीत. सावलीत वाढलेली रोपे एकदम कडक उन्हात ठेवू नयेत. आठवडाभर रोज थोडे जास्त ऊन देत त्यांना सवय लावावी, नाहीतर पाने भाजून पांढरट डाग पडतात.

लागवड संध्याकाळी करावी. रोप आदल्या तासाभरात पाणी देऊन ओले करून घ्यावे, म्हणजे मातीचा गोळा न फुटता सुटतो. सदाफुलीला मुळे दुखावलेली फार आवडत नाहीत, म्हणून गोळा हाताने मोकळा करत बसू नये. खड्डा गोळ्याइतकाच खोल असावा आणि रोप बसवल्यावर गोळ्याचा वरचा भाग वाफ्याच्या मातीशी समतल किंवा केसभर वर राहावा. खोडावर माती चढवली की ते तिथेच कुजू लागते. बुटक्या जातींत २५ ते ३० सेंटीमीटर आणि पसरट जातींत ४० ते ४५ सेंटीमीटर अंतर ठेवावे. सुरुवातीला वाफा रिकामा वाटतो, परंतु रोपांमधून वारा खेळणे हे कोणत्याही औषधापेक्षा मोलाचे आहे.

लागवडीनंतर एकदा सावकाश, भरपूर पाणी द्यावे आणि मग बारीक खडी, नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा सुके पान यांचे तीनएक सेंटीमीटर जाडीचे आच्छादन घालावे. त्याने तण दबते आणि मातीचा ओलावा टिकतोच, शिवाय पावसाचे थेंब आपटून मातीतले रोगजंतू पानांवर उडणेही थांबते. आच्छादन खोडाला चिकटवू नये. भोवती दोन-तीन बोटे जागा उघडी सोडावी.

पाणी कधी द्यावे

दुष्काळ सोसणारे झाड लावल्या दिवसापासून दुष्काळ सोसत नाही. पहिले तीन-चार आठवडे मुळे मूळच्या गोळ्याबाहेर गेलेली नसतात, म्हणून या काळात तो गोळा पूर्ण कोरडा होऊ देऊ नये. त्यानंतर पाण्याच्या पाळ्यांमधले अंतर वाढवत न्यावे, पण दर पाळीला पाणी खोलवर मुरेल एवढे द्यावे. रोज झारीने थोडे थोडे शिंपडल्यास ओल वरच्या थरातच राहते, मुळेही तिथेच घुटमळतात आणि एखादा कडक दिवस आला की सगळे झाड मान टाकते. खोल पाणी दिल्यास मुळे ओलीच्या मागे खाली जातात, आणि सदाफुलीची पुढची सगळी चिवटाई त्या खोल गेलेल्या मुळांवर उभी असते.

घड्याळ किंवा वार पाहून पाणी देऊ नये. बोट दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे सुमारे पाच सेंटीमीटर मातीत घालून पाहावे. तिथे ओल लागली तर पाणी पुढे ढकलावे. पाणी सकाळी, खोडाच्या भोवतालच्या मातीला द्यावे आणि पाने कोरडी ठेवावीत.

पाने काय सांगतात तेही वाचायला शिकावे. कडक दुपारी सदाफुलीची पाने मधल्या पांढरट शिरेच्या दोन्ही बाजूंनी वर वळतात आणि त्यांची फिकट खालची बाजू दिसू लागते. उन्हाला सामोरा येणारा पृष्ठभाग कमी करून झाड अशा रीतीने पाणी वाचवत असते. हे पाहून धावत जाऊन पाणी घालू नये. सूर्य कलल्यावर पाने पुन्हा सपाट झाली, तर मुळांना पाणी पुरते आहे. सकाळीही ती वळलेलीच राहिली आणि माती कोरडी असेल, तर पाणी द्यावे. मात्र सकाळी झाड मलूल आहे आणि माती ओली आहे, असे दिसले तर मुळे कुजू लागलेली असतात. त्या वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे झाड हाताने मारणे होय. पाणी पूर्ण थांबवावे, आच्छादन बाजूला सारावे, माती वरवर मोकळी करावी आणि झाड सावरते का ते पाहावे. नवख्यांच्या बागेतले सर्वाधिक नुकसान या दोन प्रकारच्या मलूलपणातला फरक न कळल्याने होते, म्हणून मलूल झाड दिसले की आधी झारीकडे न जाता मातीत बोट घालण्याची सवय लावून घ्यावी.

खत आणि शेंडे खुडणे

सदाफुलीची भूक बेताची असते. लागवडीच्या वेळी मिसळलेले कुजलेले खत आणि वाढीच्या हंगामात महिन्या-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत एवढे वाफ्यातल्या झाडाला पुरते. युरियासारखे नत्रयुक्त खत देऊ नये. त्याने लुसलुशीत पाने वाढतात, फुले घटतात आणि त्या मऊ वाढीवर मावा आणि बुरशी दोन्ही लवकर येतात.

झाड ठेंगणे आणि भरगच्च हवे असेल तर रोप १० ते १२ सेंटीमीटरचे झाल्यावर त्याचा शेंडा एका जोड पानांच्या वर खुडावा. शेंडा गेला की पानांच्या बेचक्यांतले कोंब जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोन फुटतात. त्या फांद्याही तेवढ्याच वाढल्यावर पुन्हा एकदा खुडाव्यात. फुले पंधरवडा-तीन आठवडे लांबतात, पण पुढे त्यांची संख्या कितीतरी वाढते. नव्या बुटक्या संकरित जाती स्वतःहूनच फुटवे धरतात, त्यांना खुडणी नाही केली तरी चालते. वाळलेली फुले आपोआप गळतात, त्यामुळे ती काढत बसण्याचे काम या झाडात नाही.

पावसाळा आणि रोग

ऊन हिला सहज सोसते. झड मात्र सोसत नाही. आठवडाभर आभाळ भरलेले, पाने ओली, माती तुडुंब, अशा दिवसांत फायटोफ्थोराची लागण होते. फांदीवर पाण्याने भिजल्यासारखा गडद तपकिरी-काळा पट्टा दिसतो, त्याच्या वरचा भाग एका दिवसात मान टाकतो आणि पट्टा खाली सरकत जातो. एखाददुसरी फांदीच लागली असेल तर कोरड्या वेळी निरोगी भागापर्यंत ती छाटावी आणि कात्री स्पिरिटने पुसावी. खोडच काळे पडले असेल तर झाड मुळांसकट उपटून टाकावे. ते खताच्या खड्ड्यात टाकू नये आणि त्या जागी पुढची दोन-तीन वर्षे सदाफुली लावू नये. फवारणी करून असे झाड वाचत नाही. पावसाआधी आतल्या दाटीतल्या काही फांद्या काढून झाड मोकळे करणे, वाफ्याला उतार देऊन पाण्याला वाट काढणे आणि कुंड्या आडोशाला हलवणे, हीच कामे खऱ्या उपयोगाची आहेत.

दुसरा रोग कमी दिसतो, पण ओळखता यायला हवा. पाने एकाएकी अगदी बारीक होतात, शेंड्याशी त्यांचा झुपका बनतो आणि फुले गुलाबी-पांढरी न राहता हिरवी, पानांसारखी उमलतात. नवखा माणूस याला नवीन जात समजून जपतो. प्रत्यक्षात हा फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवामुळे होणारा, तुडतुड्यांकडून पसरणारा रोग असून त्यावर घरगुती इलाज नाही. असे झाड दिसताच काढून टाकावे म्हणजे शेजारची वाचतात.

मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण अधूनमधून येतात. त्यांच्यासाठी लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि काही थेंब साबणाचे द्रावण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूंवर फवारावे. कोरड्या उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली तलम जाळी दिसली तर तो लाल कोळी होय. सकाळी पाण्याचा फवारा पानांच्या खालून मारल्यास तो आटोक्यात येतो.

कुंडीतली सदाफुली

निदान २० ते २५ सेंटीमीटर खोल, तळाला मोठी छिद्रे असलेली कुंडी घ्यावी. मातीची कुंडी बाजूंनीही वाळते, म्हणून पाणी जास्त घालण्याची सवय असलेल्यांनी तीच वापरावी. तळाशी खडीचा थर घालण्याची प्रथा सोडून द्यावी: बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या वर अडून राहते आणि ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. छिद्रावर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवून वरपर्यंत एकसारखे मिश्रण भरावे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून द्यावे.

जिथे हिवाळ्यात तापमान १० अंशांखाली जाते, तिथे झाडाची वाढ थांबते आणि पाने पिवळी होतात. दव गोठण्याइतकी थंडी पडली तर ते मरते. अशा प्रदेशात कुंडी उन्हाच्या खिडकीशी आत आणावी आणि थंडी सरेपर्यंत पाणी अगदी जेमतेम द्यावे.

विषारीपणाविषयी

सदाफुलीचे सर्व भाग पोटात गेल्यास विषारी आहेत. हिच्यात अनेक प्रभावी अल्कलॉइडे असतात. १९५८ च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक मधुमेहावर गुणकारी मानल्या गेलेल्या हिच्या अर्काची तपासणी करत होते. त्यात त्यांना आढळले की या अर्काने उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. त्यातून व्हिन्ब्लास्टिन हे औषध पुढे आले, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिनही मिळाले आणि दोन्ही आजही रक्ताच्या व इतर कर्करोगांवर वापरली जातात. ती रुग्णालयात, अत्यंत मोजक्या मात्रेत, शिरेवाटेच दिली जातात. म्हणूनच हिची पाने चावून खाणे किंवा काढा करून पिणे पूर्णपणे टाळावे. लहान मुले आणि पाळीव जनावरे पाने तोंडात घालतील अशा जागी हे झाड लावू नये, आणि छाटणीनंतर हात धुवावेत.

छाटणी आणि नवी रोपे

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाड खालून लाकडासारखे टणक होते, बुंध्याकडची पाने जातात आणि फुले टोकाशीच उरतात. उबदार हंगामाच्या तोंडाशी, कोरड्या दिवशी अशा फांद्या निम्म्यापर्यंत छाटाव्यात. प्रत्येक फांदीवर काही हिरवी पाने राहतील याची खात्री करावी, कारण निव्वळ उघड्या लाकडाला फुटवा येईलच असे नाही. छाटणीनंतर मूठभर गांडूळखत आणि एक खोल पाणी द्यावे. नवी पालवी दिसेपर्यंत पुढचे पाणी लांबवावे, कारण पाने कमी झालेले झाड पाणीही कमी ओढते.

छाटूनही झाड भरत नसेल तर ते काढून तरुण रोप लावावे. त्यासाठी बी आधीपासून धरून ठेवावे. फूल गळाल्यावर त्या जागी दोन-दोनच्या जोडीने बारीक, उभ्या शेंगा धरतात. त्या हिरव्याच्या पिवळसर तपकिरी होऊ लागल्या की काढाव्यात. आणखी थांबल्यास त्या एका बाजूने उकलतात आणि आतले काळे, खरबरीत, मोहरीपेक्षाही लहान बी मातीत सांडते. काढलेल्या शेंगा कागदी पाकिटात सावलीत वाळवाव्यात, बी निवडून पाकिटावर रंग आणि महिना लिहावा. संकरित जातीच्या बियांतून आईसारखेच फूल मिळत नाही, त्यांच्यासाठी कलमच करावे.

सांडलेले बीही वाया जात नाही. ऊब आणि ओल मिळताच जुन्या झाडाच्या पायथ्याशी, पायवाटेच्या फटीत कोवळी रोपे उगवतात. चार पाने आल्यावर, ढगाळ संध्याकाळी, ती मातीच्या गोळ्यासह खुरप्याने उचलून हव्या त्या जागी लावावीत. जिथे ही वनस्पती बागेबाहेर पसरून रानटी झालेली आहे, तिथे मात्र नको असलेली रोपे लहानपणीच उपटावीत आणि शेंगा उकलण्याआधी खुडून टाकाव्यात.